नावाची गोळी

कर्जत
२७ नोव्हेंबर १९७८

सोलापूरच्या फिरस्त्यांना घरून नमस्कार.

काल तुमची गाडी आली. घाट चढायला मागून इंजिनं लागली, वडेवाले सगळ्या डब्यांपुढून ओरडत गेले, गार्डानं शिट्टी दिली आणि गाडी निघून गेली. तुम्ही काही खिडकीत दिसला नाहीत. मी जेवणाचा डबा हातात घेऊन पहिल्या डब्यापासून शेवटच्यापर्यंत चालत गेले आणि तशीच परत आले. आई बाकावर बसल्या होत्या. डबा माझ्याच हातात बघून त्या उठून चालायला लागल्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "झोप लागली असेल त्याला." भर दुपारी!

तुमची मुंबईची मीटिंग दर तीन महिन्यांनी असते आणि परतताना कर्जत स्टेशनात इंजिनं लागेपर्यंत तुमचं तोंड दिसतं. मी डबा आत द्यायचा, तुम्ही आईंच्या गोळ्यांचं खोकं बाहेर द्यायचं, आणि मधल्या वेळात जमेल तेवढं बोलून घ्यायचं. आमचा संसार रेल्वेच्या इंजिनांवर चालतो असं मी शाळेत बाकीच्या बाईंना सांगते, त्या हसतात, मीही हसते. काल हसू आलं नाही.

आईंच्या बीपीच्या गुलाबी गोळ्या संपत आल्या आहेत. बाजारातून आणू म्हटलं तर ऐकत नाहीत. मागे मी मेडिकलमधून तुमच्याच कंपनीची, तसल्याच गुलाबी रंगाची पट्टी आणली होती. ती त्यांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिली, "ही विष्णूची नव्हे" म्हणाल्या आणि फळीवर ठेवून दिली. तुमच्या हातून आली तरच ती गोळी, एरवी नाही. तेव्हा लवकर पाठवा. आणि खरं सांगा, कुठे होतात?

वाट बघणारी,
प्रमोदिनी


सोलापूर
४ डिसेंबर १९७८

प्रिय प्रमोदिनी,

मी त्याच गाडीत होतो. आमचे नवे एरिया मॅनेजर बरोबर होते, म्हणून पहिल्या वर्गात. खिडकीशी ते बसले होते. डॉक्टरांना फुकट वाटायला दिलेल्या नमुन्याच्या गोळ्या मी घरच्या माणसांना देतो हे त्यांच्यादेखत कसं करणार? मी पलीकडच्या बाजूला बसलो आणि वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. तू दोनदा पुढून गेलीस. डबा पिवळ्या फडक्यात बांधला होतास.

ऑफिसनं यंदा नमुन्यांचा हिशेब कडक केला आहे. थोडे दिवस लागतील, पण पाठवतो. आठवडाभर मी बार्शी, तुळजापूर, उस्मानाबाद असा फिरतीवर आहे. तोवर मेडिकलमधून घे आणि आईची समजूत काढ. मात्र पट्टीवर 'शामोप्रेस' हेच नाव आहे ना ते नीट बघ. दुकानदार दुसरं काही स्वस्तातलं पुढे करेल, ते घेऊ नकोस. एवढी वर्षं मी डॉक्टरांना ज्या नावाची शपथ घालतो ते माझ्याच घरात बदलायला नको.

लॉजवर गॅलरीतली खोली मिळाली आहे. समोर एक निंबाचं झाड आहे. बाकी ठीक.

तुझा,
विष्णू


कर्जत
१४ डिसेंबर १९७८

पिवळं फडकं दिसलं म्हणता!

मला वाटत होतं, तुम्हाला झोप लागली, गाडी चुकली, ताप आला. तुम्ही डोळे उघडे ठेवून बसला होतात हे काही माझ्या मनात आलं नव्हतं. असो. रागवायला सवड नाही, आधी आईंचं सांगते. वाचताना घाबरू नका, आता बऱ्या आहेत.

गुलाबी गोळ्या संपल्या. मी मेडिकलमधून शामोप्रेसच आणली, नाव बघून आणली. आधी ती फळीवर गेली, मग माझ्या आग्रहाखातर घेते म्हणाल्या. माझ्यासमोर त्या पाणी पीत आणि गोळी पदरात ठेवत. हे मला उशिरा कळलं. मंगळवारी मी शाळेत असताना मोरीपाशी चक्कर येऊन पडल्या. शेजारच्या पुतळाबाई विहारातून परतत होत्या म्हणून बरं. त्यांनीच मला निरोप धाडला आणि मी धावत आले तर आईंचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या. "घाबरू नका बाई, मी हाय ना. हाड मोडलं नाय, नुसती भोवंड आली." पुतळाबाईंनाही बीपी आहे. त्यांना हे सगळं ठाऊक.

दवाखान्यात आता सुनीती म्हणून नव्या डॉक्टरीणबाई आल्या आहेत. त्यांनी बीपी बघितलं आणि मला बाहेर नेऊन चांगलंच झापलं. मग चिठ्ठी लिहिली. त्यात शामोप्रेस नव्हतंच, एक लांबलचक नाव होतं. मी म्हटलं, आम्हाला शामोप्रेसच हवी. त्या म्हणाल्या, "तीच आहे. शामोप्रेस हे कंपनीनं ठेवलेलं नाव. आतल्या औषधाचं स्वतःचं नाव हे. आता इतर कारखानेही ते करतात." साध्या पुडीत पांढऱ्या गोळ्या मिळाल्या. किंमत शामोप्रेसच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी. मी दुकानदाराला दोनदा विचारलं, चूक तर नाही ना.

आईंनी पांढरी गोळी पाहिली आणि विचारलं, "ही कोणाची?" मग ओठ मिटले ते मिटलेच. बीपी तर चढलेलं. तेव्हा मी काय केलं ते ऐका. तुमचं मागचं खोकं घरात होतं, वर तुमच्या अक्षरात 'आईस' लिहिलेलं. पांढऱ्या गोळ्या त्यात भरल्या आणि सांगितलं, ह्यांनी पोस्टानं पाठवल्यात, कंपनीनं रंग बदललाय. आईंनी त्या अक्षरांवरून हात फिरवला आणि लगेच गोळी गिळली. मला त्याबद्दल अजिबात वाईट वाटत नाही.

प्रमोदिनी


सोलापूर
२० डिसेंबर १९७८

प्रमोदिनी,

आई पडली तेव्हा मी तुळजापूरला एका डॉक्टरांना कंपनीची नव्या वर्षाची डायरी भेट देत होतो. त्यावर त्यांचं नाव सोनेरी अक्षरात छापलं आहे. तुझं पत्र वाचून ते आठवलं आणि जेवण गेलं नाही.

पण जे केलंस ते मला पसंत नाही. माझ्या खोक्यात, माझ्या अक्षराखाली, कोण कुठल्या कारखान्याची गोळी! आईनं माझ्यावर विश्वास ठेवून ती खाल्ली. उद्या काही झालं तर?

महाग का असते ते तुला माहीत नाही. एक औषध सापडायला प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं जातात. आधी जनावरांवर, मग माणसांवर तपासायचं. दहा औषधं धरावीत आणि नऊ टाकून द्यावी लागतात. त्या नऊंचा खर्च दहाव्या गोळीतून निघतो. इथला पेटंटचा कायदा बदलल्यापासून दुसरे कारखाने वेगळ्या रीतीनं तेच औषध बनवतात, त्यांना यातलं काही करावं लागत नाही, आयतं घेऊन बसतात. म्हणून स्वस्त. शिवाय स्वस्तात द्यायचं म्हणजे कुठेतरी हात आखडलेला असणार. गोळी पोटात विरघळते की तशीच बाहेर पडते, कोण बघतं?

शामोप्रेसचं खोकं आज पार्सलनं पाठवलं आहे. पोचताच पांढऱ्या गोळ्या बंद कर.

विष्णू


कर्जत
३० डिसेंबर १९७८

डॉक्टरांना द्यायचं भाषण मला पाठवलंत, छान झालं. मला कधी ऐकायला मिळालं नव्हतं. डायरी मात्र पाठवली नाहीत.

खोकं पोचलं. कपाटात ठेवलं आहे. आईंचं बीपी उतरलं, पांढऱ्या गोळीनंच उतरलं, म्हणून मी ती बंद केली नाही. चक्कर नाही, डोकं जड नाही, काल तर स्वतः पोह्यांचे पापड लाटले.

तुमचं पत्र मी सुनीतीबाईंना अर्थातच दाखवलं नाही, पण त्यातला एकेक मुद्दा विचारून आले. त्या म्हणाल्या, विरघळण्याचं म्हणणं अगदी बरोबर आहे. ज्याची तपासणी होते त्याच कारखान्याचा माल घ्यावा, आणि हे महागाच्या गोळीलाही लागू. औषध शोधायला खर्च होतो हेही खरं, आणि शोधणाऱ्याला तो मिळायलाच हवा. पण हे औषध जुनं आहे, त्याचा खर्च केव्हाच वसूल झाला. दुसऱ्यांना ते नव्यानं शोधायचं नसतं, तेच औषध तेवढंच गोळीत आहे एवढं दाखवायचं असतं. रंग वेगळा, आकार वेगळा, काम तेच. आणि चार कारखाने एकच वस्तू करायला लागले की कुणालाच मनमानी भाव लावता येत नाही. "मग शामोप्रेस अजून एवढी महाग का?" मी विचारलं. बाईंनी उलट विचारलं, तुमचे यजमान काय करतात? मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मग तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार."

घरी येताना पुलावर थांबले आणि विचार करत बसले. शामोप्रेसच्या किमतीत काय काय आहे? तुमचा टाय आहे. ती काळी बॅग आहे. सोनेरी अक्षरांच्या डायऱ्या, फुकटचे नमुने, मुंबईच्या मीटिंगचं जेवण, मॅनेजरसाहेबांचा पहिला वर्ग. लॉजची खोली आणि समोरचं निंबाचं झाड. अहो, तुमचं सगळं सोलापूर त्या गोळीत आहे! इतकी वर्षं मला वाटायचं, तुम्ही आमच्यासाठी लांब राहता. पांढरी गोळी स्वस्त आहे, कारण ती विकायला कुणाचा नवरा घर सोडून हिंडत नाही. आईंच्या घशाखाली जी गुलाबी गोळी जायची तिच्यात माझीही वर्षं होती, हे मला त्या पुलावर कळलं आणि मी तिथेच रडले. दोन ओळखीच्या मुली समोरून गेल्या, त्यांना सांगितलं डोळ्यात काहीतरी गेलंय.

आता कामाचं. पांढऱ्या गोळीच्या पुडीवर पत्ता आहे, साजगाव, तालुका खालापूर. म्हणजे खोपोलीच्या अलीकडेच की! तिथे गोळ्या तपासायला केमिस्ट्रीचा पदवीधर हवा आहे, असं सुनीतीबाईंना कळलंय. तुम्ही बी.एस्सी. झालात ते कशासाठी, हे तुम्ही विसरला असाल, मी नाही विसरले. पगार तुमच्या आताच्या निम्म्याच्या आसपास. तो तसाच असणार, गोळी स्वस्त आहे ना! पण माझा पगार आहे, आणि सकाळी खोपोलीची गाडी पकडून संध्याकाळी माणूस घरी येतो. मला तो घरी यायला हवा आहे. फिरवून फिरवून लिहीत होते, आता स्पष्टच लिहिलं.

तुमची,
प्रमोदिनी


सोलापूर
२ फेब्रुवारी १९७९

प्रिय प्रमोदिनी,

महिनाभर लिहिलं नाही. तुला वाटलं असेल, मी रागावलो. रागावलो होतोच. तुझ्या पत्रातल्या त्या यादीवर बरेच दिवस धुमसत होतो, कारण तिच्यातलं एकही खोडून काढता येईना. बार्शीला एका डॉक्टरांपुढे शामोप्रेसचं बोलायला बॅग उघडली आणि मध्येच शब्द अडला. त्यांना वाटलं, माझा घसा बसलाय. त्यांनी मला खोकल्याची गोळी दिली.

दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, कंपनीनं मला बढती देऊ केली आहे. नागपूर. स्वतःचं ऑफिस, हाताखाली सहा माणसं. या महिन्याअखेर होकार कळवायचा.

दुसरी सांगताना लाज वाटते. मागच्या शनिवारी मी पुण्याहून एस.टी.नं घाट उतरून खोपोलीला आलो होतो. साजगावला जाऊन त्या कारखान्याच्या मालकांना भेटलो. लहान जागा आहे, पण लख्ख. मालकांनी अनुभव विचारला. मी म्हटलं, महागाची गोळी चांगली कशी, हे डॉक्टरांना पटवत आलो. ते हसले. म्हणाले, "इथे कुणाला काही पटवायचं नाही, गोळी आपणहून विरघळली पाहिजे." मला कोमट पाण्याच्या भांड्यापाशी नेलं. त्यांची गोळी सोडली, मग मी माझ्या बॅगेतली शामोप्रेस सोडली. दोन्ही सारख्याच फुटल्या. माझ्या गोळीखालचं पाणी गुलाबी झालं एवढाच काय तो फरक. वाईट प्रतीचा माल ते कसा बाजूला काढतात तेही पाहिलं. मी तुला जी भीती घातली होती ती निदान त्या छपराखाली तरी खोटी होती. ते नोकरी द्यायला तयार आहेत.

तिथून खोपोली स्टेशनात आलो. कर्जतचं तिकीट काढलं. गाडी उभी होती. मी बाकावर बसून राहिलो आणि गाडी गेली. नागपूरला हो म्हणायचं की साजगावला, ते ठरलं नव्हतं, आणि तुला पाहिलं असतं तर परत जाणं झालं नसतं. म्हणून एस.टी.नं वर चढलो. ते तिकीट अजून पाकिटात आहे.

अडतं कुठे ते सांगतो. आई सगळ्यांना सांगते, माझा विष्णू मोठ्या कंपनीत आहे, त्याची गोळी डॉक्टर लोक लिहून देतात. तिनं माझ्या नावावर ती पांढरी गोळी खाल्ली. आता मी बिननावाच्या कारखान्यात निम्म्या पगारावर आलो, हे तिला कसं सांगू?

विष्णू


कर्जत
९ फेब्रुवारी १९७९

खोपोलीपर्यंत आलात! तिकीट काढलंत! शनिवारी दुपारी मी घरीच होते हो. तुमचा जुना शर्ट उसवून आईंना पिशवी शिवत होते. तुम्ही तिकडे बाकावर, मी इकडे शिलाई मशीनवर, मध्ये दोन-चार स्टेशनं. हे पत्र वाचल्यापासून माझं कशात लक्ष नाही. मुलींना भूगोल शिकवताना नकाशावर बोट खोपोलीवरच जातं.

आईंना कसं सांगू म्हणता? त्यांना कळलंय. मी सांगितलं नाही. परवा पुतळाबाई आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. आईंनी गोळी घ्यायला तुमचं खोकं उघडलं तर पुतळाबाई वाकून बघतात आणि म्हणतात, "अगं काकू, ही तर माजीच गोळी! दवाखान्यातल्या बाई लिहून देतात ती. आमी केव्हापास्नं हीच खातो. तुमाला विष्णूभाऊनं सोलापुरास्नं कशाला पाठवली?" माझ्या हातातला चहा सांडला.

आईंनी खोक्याचं झाकण लावलं. गोळी हातावर घेऊन बसल्या. पुतळाबाईंना वाटलं आपलं काही चुकलं, त्या म्हणाल्या, "रंगाला नका बघू काकू. मी हाय ना जिती तुमच्यापुढं." मग आईंनी मला विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. तुमची बॅग, टाय, डायऱ्या, मीटिंगा, ती गोळी महाग का आणि ही स्वस्त का, साजगाव, निम्मा पगार, सगळं. मला वाटलं चिडतील, निदान अबोला तरी धरतील. त्या विचारतात काय, "म्हणजे त्या गुलाबी गोळ्या मी घेत होते म्हणून तो तिकडे होता?" मी म्हटलं, तुम्ही एकट्या नाही, हजारो माणसं घेतात. पण त्यांच्या डोक्यात तेवढंच राहिलं. कपाटातलं शामोप्रेसचं खोकं मागून घेतलं आणि मला म्हणाल्या, हे डॉक्टरीणबाईंना देऊन टाक, कुणा गरजू माणसाला होईल.

काल त्यांना तपासायला नेलं. बीपी छान आहे. आई सुनीतीबाईंना म्हणाल्या, "माझ्या मुलाच्या नावानं उतरलं." बाई म्हणाल्या, "नाही आजी, औषधानं उतरलं. नावामुळे तुम्ही गिळलीत, एवढंच." आई हसल्या. घरी आल्यावर पुतळाबाईंच्या शेजारी ओट्यावर बसून पांढरी गोळी घेतली, साध्या पुडीतून. मग मला म्हणाल्या ते शब्द न् शब्द लिहिते:

"मी आता नावाशिवाय गिळते. विष्णूला लिही, त्याचं नाव मी परत पाठवलं. म्हणावं, आता माणूस धाड."

पांढऱ्या गोळ्या भरल्या होत्या ते तुमचं जुनं खोकं या पत्रासोबत पाठवते आहे. रिकामं आहे. 'आईस' हे अक्षर तेवढं वर आहे.

नागपूर खूप लांब आहे हो. तिकडची गाडी कर्जतला येतसुद्धा नाही.

प्रमोदिनी


सोलापूर
१ मार्च १९७९

प्रमोदिनी,

नागपूरला नाही म्हणून कळवलं. राजीनामा दिला. साहेबांना वाटलं, दुसऱ्या कंपनीनं जास्त दिले. किती कमी मिळणार ते मी सांगितल्यावर त्यांनी मला खुर्ची दिली आणि पाणी मागवलं. बॅग, नमुने आणि उरलेल्या डायऱ्या जमा केल्या. टाय माझा होता, तो लॉजच्या पोऱ्याला हवा होता, दिला.

साजगावला पत्र टाकलं आहे. पंधरा तारखेपासून बोलावलंय.

आईला सांग, नाव पोचलं. रिकामं खोकं ट्रंकेत सगळ्यात वर ठेवलं आहे. सहा वर्षं मी असं खोकं भरून देत होतो आणि मला वाटायचं, मुलाचं काम मी करतो आहे.

हिशेब मिटवायला मुंबईच्या ऑफिसात शेवटची फेरी आहे. दहा तारखेला मी नेहमीच्याच गाडीनं मुंबईहून निघेन. तिकीट सोलापूरचं नाही. तू डबा आणू नकोस, जेवण घरी होईल. गाडी येईल, मागे इंजिनं लागतील, वडेवाले ओरडतील. मला खिडकीत शोधू नकोस, मी तिथे नसेन. दारात बघ. ट्रंक घेऊन उभा असेन.

या पत्राला उत्तर पाठवू नकोस. इथे घ्यायला कुणी नसेल.

विष्णू